दिव्यानी आणि माझी अक्षरझेप

पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवायचा सोपा मार्ग मला सापडलाय, असं मी गेल्या पावसाळ्यात निदान चाळीस जणांना सांगितलं असेल. त्यातले निम्मे शिक्षकही नव्हते. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर चिमूरची जीप भरायची वाट बघणाऱ्या एका गृहस्थांना तर मी सगळा खेळ समजावून सांगितला. जीप सुटेपर्यंत त्यांचा इलाज नव्हता.

खेळ असा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी स्केचपेनने साठ शब्द लिहिले. घर, मका, वाघ, नदी, असे. पत्ते वर्गात जमिनीवर पसरायचे, मी शब्द उच्चारायचा आणि पोरांनी झेप घेऊन तो पत्ता उचलायचा. नाव मीच ठेवलं, अक्षरझेप. नाव सुचलं त्या दिवशी मी बायकोला, रीताला, दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मघाशीच ऐकलं मी."

आमची शाळा धानाच्या बांध्यांना लागून, दोन शिक्षकांची. मोनाली मॅडम तिसरी-चौथी बघतात, मी पहिली-दुसरी. पहिलीत दिव्यानी नावाची पोरगी होती. दोन आठवड्यांत ती असली तरबेज झाली की माझ्या तोंडातून शब्द पुरा निघायच्या आत पत्ता तिच्या हातात. प्रणित मात्र वाकून, पत्त्यावर बोट फिरवत बसायचा, आणि तेवढ्यात दिव्यानी तो उचलून न्यायची. प्रणितला मी ‘जरा मंद’ ठरवून टाकलं होतं. दिव्यानीचे व्हिडिओ काढून मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. शेवटी तालुक्याहून एक अधिकारी मॅडम खेळ बघायला येणार असं ठरलं.

आता तालुक्याच्या मॅडमसमोर मळकट लग्नपत्रिका कशा पसरायच्या? मी ब्रह्मपुरीत बशीरभाईंच्या दुकानात गेलो आणि चकचकीत पत्ते छापायला टाकले. प्रत्येक पत्त्याखाली माझं नाव, ‘संकल्पना : प्रफुल सर’. बशीरभाई कॉम्प्युटरवर बघून म्हणाले, "सर, तुमचं नाव शब्दाहून मोठं होऊन राह्यलं." मी म्हटलं, राहू द्या.

मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. मी नवे पत्ते पसरले आणि म्हणालो, "वाघ."

दिव्यानी उभीच. मी पुन्हा म्हणालो, "वाघ." ती पत्त्यांकडे बघत होती, मग माझ्याकडे. इतक्यात प्रणित वाकला, चार पत्त्यांवर बोट फिरवलं, "वा... घ" असं पुटपुटला आणि पत्ता उचलून मॅडमना नेऊन दिला. नदीचंही तसंच झालं. मक्याचंही.

मॅडमनी दिव्यानीला जवळ बोलावलं. "काय झालं गं?"

"हे आपले पत्ते नाईत," ती म्हणाली. "वाघाले वरणाचा डाग आहे. नदीचा कोपरा उंदरानं खाल्ला."

वर्गात कोणी हसलं नाही, कारण पोरांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मॅडमनी भेटवहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना मला म्हणाल्या, "सर, पोरगी हुशार आहे. वाचत मात्र नाही."

दुपारी मी जुने पत्ते काढून तिला समोर बसवलं. मनात आशा होती की मॅडमना बघून ती घाबरली असेल. मी पत्ते उलटे ठेवले, शब्द खाली, छापील पत्रिका वर. तिने त्यातलेही बावन्न ओळखले. हा फाटका गणपती म्हणजे घर, हा सोनेरी कळस म्हणजे ऊस. पत्ते मी बनवले होते, आणि त्यावर काय काय आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो.

तिची आई आशाबाई तिला न्यायला आली होती. दारात उभी राहून तिने हे सगळं बघितलं.

"गावातली कोनती बकरी कोनाची, थे साऱ्या वळखते," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी तेच शिकवून राह्यले."

मी खाली वाकून पत्ते गोळा करू लागलो.

तोडगा मोनाली मॅडमनी काढला. पत्ते रोज नवे करायचे, जुन्या वह्यांच्या कागदांवर, आणि सुट्टी झाली की फाडून टाकायचे. डाग पडायला वेळच द्यायचा नाही. दिव्यानीला हे अजिबात पटलं नाही. रोज हरायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा तर "तुमचा खेळ खराब झाला" असं तोंडावर सांगितलं. मी मग खेळाआधी तिच्याजवळ बसून रोज दोन-तीन अक्षरं गिरवून घेऊ लागलो, जशी कोणीही मास्तर घेतो. त्याला काही नाव ठेवलं नाही.

जानेवारीत एका सकाळी मी घाईघाईने पत्ते लिहिले आणि पसरले. म्हणालो, "बदक." कोणीच हललं नाही. पत्ता दिव्यानीच्या पायाशीच होता. मी तो दाखवून म्हणालो, "हा काय, बदक."

तिने पत्ता उचलला आणि एकेक अक्षरावर बोट ठेवलं. "ब. क. द. बकद आहे सर."

"नीट बघ."

"बकदच आहे."

मी पत्ता हातात घेतला. बकदच होतं. माझ्याच अक्षरात, ठळक. मी तिथेच खाली बसलो आणि तिला तो शब्द आणखी एकदा वाचायला लावला, उगाच, ऐकायला. मग तिने विचारलं, बकद म्हणजे काय. मी म्हणालो, मलाही माहीत नाही.

मधल्या सुट्टीत मोनाली मॅडमना हे सांगितलं. त्या डबा उघडत म्हणाल्या, "आता चूक मुद्दाम केली होती असं लोकांना सांगत फिरू नका."

तसं काही माझ्या मनात आलं नव्हतं, असं म्हणायचं होतं. पण जीपमधल्या लोकांना हे कसं सांगायचं, याची जुळवाजुळव माझी तोवर निम्मी झाली होती.