कुलूप नसलेलं कपाट

“कोरनेट्टा, सीड्या कुणाकुणाला दिल्यात ती वही घेऊन ऑफिसात या,” हेडबाई देवयानी टीचरनी दारातूनच सांगितलं. “जिल्ह्याचे साहेब आलेत.”

कोरनने वही काढली. लहान-थोर सगळे त्याला एट्टा, म्हणजे दादा, म्हणत. केरळात कण्णूरजवळच्या त्या सरकारी शाळेत तो एकतीस वर्षं भांडार सांभाळत होता. खडूसुद्धा सहीशिवाय बाहेर गेला नव्हता. कॉम्प्युटरच्या जुन्या, महागड्या सीड्या तर कुलपातच. एकीवरून दुसरी काढाल तर तुरुंगात जाल, असं बजावलेलं. निवृत्तीला आठ महिने होते, आणि चौकशी लागली की पेन्शन कशी अडकते हे त्याने पाहिलं होतं.

मग सरकारने कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरची ही सीडी धाडली. दर मशीनमागे परवान्यापोटी भरायचे पैसे वाचले, त्यात शाळेला बाकं आली. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, “मागेल त्याला कॉपी करून द्या.” कोरनने मान डोलावली आणि कुलूप घातलं. सरकारी माल असा वाटतात होय?

पण वाचनालयाचा सेक्रेटरी अंबू हटेना. “आमचा कॉम्प्युटर धूळ खातोय. देतोस, की सरणावर बरोबर नेणार आहेस?” शेवटी कोरनने एक कॉपी करून दिली. एकाचं बघून दुसरा आला. वहीत सतरा सह्या झाल्या.

साहेबांनी वही पाहिली. “सतरा?”

“चूक झाली, सार.”

“चूकच. सहा महिन्यांत फक्त सतरा? आणि सह्या कसल्या घेता, लोक बिचकतात. कपाट उघडं ठेवा.”

कोरन भांडारात येऊन बसला. खडू दिला की संपतो, तांदूळ दिला की पोतं बसतं. ही सतरा घरी गेली, तरी इथे आहे तशीच. जगभरच्या लोकांनी एकमेकांचं तोंडही न बघता ती बनवलीय, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा त्याला थाप वाटली होती. आता अंगावर काटा आला.

मार्चच्या शेवटच्या दिवशी नवी भांडारपाल रम्लत यादी ताब्यात घेत होती.

“सीडी. आल्या किती?”

“एक.”

“वाटल्या?”

“सह्या सोडल्यावर मोजल्या नाहीत. दोनशे तरी.”

“शिल्लक?”

“एक.”

रम्लतचा पेन थांबला. “एट्टा, हे जुळतं कसं?”

“जुळतं गं. मलाही वेळच लागला.”

त्याने कमरेची किल्ली सोडून तिच्यापुढे ठेवली.

“ही खडूंच्या कपाटाची,” तो म्हणाला. “त्याला लागते.”