वेंदुलाच्या कमरेचं माप

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. लाबे नदीकाठी कपडे शिवणाऱ्या ब्लाझेनाच्या गळ्यात मी बावीस वर्षं आहे. माझे पहिले चार आकडे पुसले गेले, तरी तिने मला टाकलं नाही. "हिच्याइतकी खरी दुसरी नाही," असं ती गिऱ्हाइकांना सांगे, तेव्हा मला धन्य वाटे.

तिची मुलगी वेंदुला अठरा वर्षांची. शाळेच्या शेवटच्या वर्षी मोठा नाच असतो, त्यासाठी निळा झगा शिवायचा होता. सप्टेंबरात तिची कंबर अडुसष्ट सेंटिमीटर भरली. नोव्हेंबरात एकसष्ट.

"नाचासाठी बारीक होतेयस होय गं? छान दिसतेस!" आईने कौतुकाने झगा कमरेत आत घेऊन शिवला.

जानेवारीत चोपन्न. मी हादरले! आई मात्र मलाच झटकू लागली. "म्हातारी झाली ही. ताणली गेलीय."

नाही हो, मित्रांनो! मला तिच्या फासळ्या लागत होत्या. दंडांवर खाजवून खाजवून जखमा झाल्या होत्या. आणि छातीचं माप घेताना तिचं काळीज असं धावत होतं, की सुईखाली कापड नसताना शिवणयंत्र सुटावं.

तेवढ्यात शेजारची यार्मिला आपला स्कर्ट न्यायला आली. ती दवाखान्यात परिचारिका. खिडकीतून भर दुपारचं ऊन येत होतं, तरी वेंदुलाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या काळ्याभोर होत्या.

"पोरी, किती दिवस झोपली नाहीस?"

"तुमचा स्कर्ट घ्या नि निघा ना, मावशी! सगळे नुसते पाळत ठेवतात माझ्यावर." बोलताना मध्येच ती किडलेले दात एकमेकांवर घासत होती.

"अभ्यास करते हो ती," आई पुटपुटली. "तीन-तीन दिवस जागते, मग दोन दिवस उठत नाही."

"अभ्यासाने दात किडतात का गं, ब्लाझेना? पेर्विटीन आहे हे."

मेथ नावाच्या नशेला आमच्याकडे हेच म्हणतात. आईच्या ओठांत धरलेल्या टाचण्या खाली सांडल्या. वेंदुला भांडायला वळली आणि भिंत धरून खाली बसली.

"आई, छातीत दुखतंय..."

यार्मिलाने रुग्णवाहिका बोलावली. मला गळ्यातून काढायचं आईला सुचलंच नाही. म्हणून डॉक्टरांचे शब्द मीही ऐकले. हृदयाची लय बिघडली होती. आणखी उशीर झाला असता, तर मुलगी गेली असती. अठरा वर्षांची मुलगी!

वेंदुला आता उपचार केंद्रात आहे. दोन दाढा गेल्या. अजून नशेची ओढ लागते, असं ती स्वतःच सांगते. परवा फोनवर म्हणाली, "आई, भूक लागलीय गं. आलुबुखारा भरलेले कणकेचे उकडलेले गोळे आण. साखर कमी घातलीस तर बघ!" फोन ठेवून आईने छातीवर क्रूस केला आणि कणीक मळायला घेतली.

मित्रांनो, आपल्या माणसाचा देवाने दिलेला देह असा झडताना दिसला, तर कौतुक करून झगा आत घेऊ नका. रागावूही नका. जवळ बसा, विचारा. भीती वाटली तर मोठ्यांना हाक मारा. मला सगळं कळत होतं, पण मी पडले टेप. तुम्हाला वाचा आहे.