आठवा आकडा

रुग्णालयाच्या अपघात विभागाची नोंदवही माझ्यासमोर आहे. त्या दुपारच्या पानावर एका मोबाईल नंबरातला आठवा आकडा खोडलेला आहे. आधी तीन लिहिला होता. त्यावर एक सरळ रेघ, आणि वर आठ. शाई तीच, अक्षर तेच. 'आणणाऱ्याचे नाव' या रकान्यात ओमकारचं पूर्ण नाव, गाव आणि हा नंबर. नर्सच्या जबाबात एक वाक्य आहे: "नंबर मी लिहिला. लिहून झाल्यावर तो म्हणाला, सिस्टर, चुकला, तीन नाही, आठ."

मी रत्नागिरीला सत्र न्यायालयात सरकारी वकील आहे. नशेने मृत्यू झाल्याची चार प्रकरणं दोन वर्षांत माझ्या टेबलावर आली. पहिल्या तिघांना कुणीतरी रुग्णालयाच्या दारात ठेवून निघून गेलं होतं. त्यांच्या रकान्यांत 'अनोळखी इसम' एवढंच लिहिलेलं, आणि आरोपी मिळून आला नाही म्हणून त्या फायली बंद झाल्या. चौथा संदेश. त्याला आणणारा मित्र मात्र थांबला. काय घेतलं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ओमकारने सगळं सांगितलं. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात बसून ब्राउन शुगरची एक पुडी दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली होती. त्याने आधी स्वतःला टोचली. संदेशला शीर सापडेना, म्हणून त्याचीही यानेच टोचली. डॉक्टरांनी लगेच उतारा दिला. संदेश वाचला नाही.

पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, एकशेपाच. पुरावा काय, तर ओमकारने डॉक्टरांना सांगितलेली वाक्यं.

आरोप ठेवण्याआधी, हे कलम सरकार पक्षाला हवं की नको, हे मी न्यायालयाला सांगायचं असतं. मी तीन वेळा मुदत मागितली. ओमकार अकरा महिने तुरुंगात आहे, आणि त्यातले शेवटचे तीन माझ्या नावावर आहेत.

"मॅडम, आज परत मुदत मागितलीत तर जजसाहेब तुम्हाला काय बोलायचे नाहीत," पोलिसांतर्फे खटल्यांची पैरवी बघणारे हवालदार सखाराम फायली उचलत म्हणाले. "मलाच आत टाकतील. तुमच्यापेक्षा मी स्वस्त."

"आज नाही मागणार."

"मागच्या तारखेलाही असंच म्हणालात." ते थांबले. "ती बाई आली आहे. बाकावर बसलीय."

विमलाताई, संदेशची आई. हातखंब्याच्या पुढच्या एका गावात राहतात आणि काजूच्या फॅक्टरीत काम करतात. सालीच्या तेलाने त्यांची दोन बोटं कायमची काळी पडली आहेत. नवरा मुंबईला. प्रत्येक तारखेला खाडा करून त्या येतात, आणि मला एकच प्रश्न विचारतात.

आजही विचारला. "मॅडम, पुडी एकच ना? दोघांनी सारखीच घेतली ना? मग माझा गेला नि ह्यो उभा कसा?"

याचं उत्तर माझ्याकडे अडीच महिने होतं. माझं आधीचं शिक्षण रसायनशास्त्राचं. अंदाज मला होताच, तरी मी न्यायवैद्यक डॉक्टरांना लेखी विचारून घेतलं होतं. त्यांचं पत्र फाईलमध्ये चौदाव्या पानावर आहे. त्याच्या आधीचं तेरावं पान विमलाताईंनीच पोलिसांना दिलं होतं. संदेश व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने पूर्ण राहून बरा झाला, असा दाखला. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपला होता. पोरगा सुधारला होता, ओमकारने त्याला परत ओढलं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले. एरवी मी उभ्यानेच बोलते.

"विमलाताई, रोज घेणाऱ्याच्या अंगाला सवय होते. तेवढ्याने त्याला काही होत नाही. ओमकार रोज घेत होता. संदेशने तीन महिने घेतली नव्हती. सवय सुटली होती. त्याच्या अंगाला तेवढी अर्धी पुडी झेपली नाही."

त्यांनी हातातली कापडी पिशवी बाकावर ठेवली. व्हरांड्यात कुणीतरी एका वकिलाच्या नावाने हाका मारत होतं.

"म्हंजे, मी केंद्रात धाडला म्हणून."

"नाही."

"तुमीच सांगितलंत आता."

"तीन महिने खरे आहेत. पण पाठवलं नसतं तर तो आज असता, असं कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही. ते मोजता येत नाही. त्या तीन महिन्यांत तो बरा होता, एवढंच मोजता येतं."

"वजन वाढलं व्हतं त्याचं," त्या म्हणाल्या. "चार किलो. फणसाची भाजी मागून खायचा." त्यांनी काळी बोटं एकमेकांवर घासली. "केंद्रात कुणी सांगितलं नव्हतं त्याला ह्यें? की परत घेतलीस तर मरशील म्हणून?"

"मला माहीत नाही."

"आनि ह्याला? ओमकारला ठावं व्हतं?"

मी फाईल उघडली नाही. तिच्यातलं प्रत्येक पान मला पाठ आहे. "नाही. तसं कुठेच दिसत नाही. माहीत असतं तर स्वतःएवढीच दिली नसती. आणि तिथे थांबला नसता."

"लहानपणापासनं घरात जेवायचा ओ तो." त्यांचा आवाज चढला. "माज्या हातचं! सोडणार तुमी त्याला?"

"नशेचा गुन्हा राहील. निष्काळजीपणाचाही राहील. शिक्षा होऊ शकते. पण त्याला ठाऊक होतं आणि तरी त्याने केलं, हे मी म्हणू शकत नाही."

"ह्यें सगळं तिकडं बोलणार? माज्यासमोर?"

"बोलावं लागेल. म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. खरं तर फार आधी सांगायला हवं होतं."

पुकारा झाला. सखाराम दारात येऊन उभे राहिले.

विमलाताईंनी पिशवी उचलली. "बोला," त्या म्हणाल्या. "पण माज्याकडं बघून बोलू नका."

ओमकारला दोन पोलिसांनी आत आणलं. तो नेहमीसारखाच मागच्या बाकावरच्या विमलाताईंकडे एकदा बघून मान खाली घालून उभा राहिला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला.

"मॅडम, आता तरी? की पुढची तारीख?"

"नको, सर." मी उभी राहिले. चौदावं पान उघडलं आणि डॉक्टरांचं मत वाचून दाखवलं, तीन महिन्यांसकट. मग नोंदवहीचं पान पुढे केलं: पळून जायचं असतं, तर त्याने चुकलेला नंबर दुरुस्त करून दिला नसता. मी समोरच बघत होते.

"मृत्यू होईल याची आरोपीला जाणीव होती, असा पुरावा आमच्याकडे नाही. कलम एकशेपाचचा आरोप सरकार पक्ष मागत नाही."