ओडेलच्या नाण्यावरचा डी

पुएब्लोच्या नाणे-मेळ्यात ड्वेन हॅस्केट या व्यापाऱ्याने माझ्या मेलेल्या नवऱ्याला, ओडेलला, चारचौघांत लबाड ठरवलं. ओडेलचं १९१६ चं दहा सेंटचं नाणं मी त्याला पारखायला दिलं होतं. त्या साली डेन्व्हरच्या टांकसाळीने ही नाणी फार थोडी पाडली, म्हणून मागच्या बाजूच्या, डेन्व्हरची खूण असलेल्या बारक्या ‘डी’ला मोल. लबाड लोक साध्या नाण्यावर तो चिकटवतात.

“डी चिकटवलाय, व्हर्नाबाई. ओडेलचा हात सफाईदार होता हं!” ड्वेन म्हणाला. भोवतालचे हसले.

मी पर्समधून अ‍ॅसिटोनची बाटली काढली. “यात बुडव. डिंक असेल तर सुटेल.”

“कशाला शोभा करून घेता?”

“कुणाची होते ते बघू. बुडव!”

पंधरा मिनिटं मी त्याला टेबलावरून हलू दिलं नाही. मग त्याने लाकडी काडीने डी टोकरून पाहिला, भिंगाखाली कडा तपासल्या. कुठे सांधा नव्हता.

“आठशे डॉलर देतो,” तो पुटपुटला.

“विकायचंच नाहीये. ओडेल खरा होता, हे मघासारखंच मोठ्याने सांग.”

त्याने सांगितलं. मागच्या टेबलांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी त्याला परत सांगायला लावलं.