होजियरीचा सदरा

मशीनने पुन्हा कापड गिळलं. सुई जागच्या जागी नाचली, खाली धाग्याचा गुंता झाला, आणि होजियरीचा तुकडा सुईखालच्या भोकात असा जाऊन बसला की काकूंना तो कात्रीच्या टोकाने उकरून काढावा लागला. निघाला तो भोक पडूनच.

"ताणून धर म्हटलं ना!" आतल्या खोलीतून मास्तर ओरडले. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा डावा हात गेला होता, डावा पाय ओढत होता, पण आवाजाला काही धाड भरली नव्हती. "मशीनच्या आवाजावरून कळतं मला. ढिलं सोडतेस तू."

"ताणलंच होतं हो," काकू म्हणाल्या आणि पाठ टेकून बसल्या. आज मान वळवायचीसुद्धा त्यांना इच्छा नव्हती.

मास्तर म्हणजे शर्टाचे मास्तर. त्यांच्या हातच्या कॉलरसाठी लांबलांबून माणसं यायची. काकू लग्न झाल्यापासून त्यांच्या बाजूला बसून काजं-बटणं आणि तुरपाई करत आल्या. ताठ धरलेलं कापड, सरळ टीप आणि वर मास्तरांची बोलणी, एवढंच त्यांचं शिक्षण. होजियरीला मास्तर 'बनियनचं कापड' म्हणत आणि नाक मुरडत. "जे मापाला जुमानत नाही ते कापडच नव्हे. फडकं ते!"

आता तेच फडकं काकू शिवायला बसल्या होत्या, कारण मास्तर घरातून बाहेर पडायचे थांबले होते. त्यांचे सगळे शर्ट बटणांचे, आणि एका हाताने बटणं लागत नव्हती. आधी लुळा हात बाहीत घालायचा, मग पाठीमागून शर्ट फिरवायचा, मग एकेक बटण. हे सगळं काकू करायच्या, आणि तोवर मास्तर डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसायचे. एक दिवस त्यांनी काकूंचा हात झिडकारला. "मढ्याला चढवतात तसे कपडे चढवू नकोस मला. माझ्या हाताने अंगात गेला तर घालीन, नाहीतर पडून राहीन इथेच." तेव्हापासून चादर गुंडाळून पडून होते. डॉक्टर म्हणाले होते, चालले नाहीत तर पायही जाईल. तयार टी-शर्ट आणून पाहिला, तर लुळा हात बाहीतून जाईना. शिवाय, "दुकानातला तयार कपडा? माझ्या अंगावर?" हे होतंच.

म्हणजे सैल, रुंद गळ्याचा, ताणला तर ताणेल असा सदरा घरीच शिवायला हवा होता. आणि काकूंना तो येत नव्हता.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण आली. ती टी-शर्टच्या कारखान्यात मशीनवर होती. मास्तरांनी तिचं नाव 'बनियनवाली' ठेवलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. तिने शिवलेला तुकडा हातात घेतला. टिपेच्या दोन्ही बाजूंना कडा लाटांसारख्या वर आल्या होत्या. दोन्हीकडून ओढली तशी टीप तटकन तुटली.

"काकू, अहो किती ताणलंय! आणि सुई कुठली ही? शर्टाचीच ना? ही धागे कापते. बोथट टोकाची लावा, ती बाजूने वाट काढते." तिने पर्समधून सुई काढून दिली, धाग्याचा ताण कमी केला, टाका लांब केला आणि कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवली. "आता गिळणार नाही. नंतर कागद फाडून टाकायचा. आणि हात नुसता ठेवा. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. जातं ते आपलं आपण."

"सांगायला सोपं आहे गं."

"मग! आमच्याकडे शर्टवाले येतात ना, ते सगळ्यात जास्त रडतात. नवीन पोरींना लवकर जमतं."

ती गेली. काकूंनी पायडल मारलं आणि हात आपसूक मागे-पुढे ताणले गेले. उसवलं. पुन्हा तेच. जित्याची खोड! तिसऱ्यांदा उसवताना त्यांना रडू यायचं ते रागच आला. मास्तरांचा राग आला, त्यांच्या झटक्याचा आला, आणि इतकी वर्षं बोलणी खाऊन अंगात मुरवलेलं सगळं आता चुकीचं ठरतंय याचा तर फारच आला.

"ताणून धर!" आतून आवाज आला.

"नाही धरणार," काकू म्हणाल्या. "ह्या कापडाला ते चालत नाही. तुम्हाला ह्यातलं कळत नाही, गप्प पडा."

एवढ्या संसारात त्या कामाच्या बाबतीत असं कधी बोलल्या नव्हत्या. आतून मास्तर म्हणाले, "नाहीच कळत मला."

ते ऐकून काकूंचे हात गळाल्यासारखे झाले. तसेच त्यांनी ते कापडावर ठेवले आणि पायडल मारलं. कापड गेलं. गुपचूप, सपाट, पार दुसऱ्या टोकापर्यंत.

सदरा शिवून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो मास्तरांच्या उशाशी ठेवला आणि दार ओढून घेतलं. आतून धापा ऐकू येत होत्या, एक शिवी ऐकू आली, खुर्ची सरकली. काकू दाराला हात लावायच्या आणि मागे घ्यायच्या. चहा दोनदा गरम करून झाला.

शेवटी दार उघडलं. मास्तर काठी टेकत बाहेर आले. केस पाण्याने चापून बसवलेले, कपाळावर घाम, आणि अंगात सदरा. उलटा. खांद्यावरची, बगलेतली, बाह्यांची सगळी शिवण बाहेर, आणि एका शिवणीत वर्तमानपत्राचा चिटोरा अजून अडकलेला.

रस्त्यापलीकडून येणाऱ्या माणसाच्या शर्टाची वाकडी टीप ओळखणारे मास्तर. त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. तोंडापर्यंत आलेलं काकूंनी गिळलं आणि म्हणाल्या, "छान बसलाय हो."

"बसणारच," मास्तर म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसले.

कारखान्याला निघालेली बनियनवाली खाली रस्त्यावर थांबली. तिने वर पाहिलं, तिचं तोंड उघडलं. मास्तरांच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी तिला हात जोडले.

तिने तोंड मिटलं. मग मोठ्याने विचारलं, "मास्तर, नवा सदरा? कुणी शिवला?"

"हिने," मास्तर ताठ बसत म्हणाले. "घातला मी."