सन्मतीचा जुना पासपोर्ट

आता ह्यात समजून घ्यायचं तरी काय, हेच रायगोंडा पाटलाला समजत नव्हतं. त्याचं पोरगं, सन्मती, निपाणीचं. निपाणीत जन्मलं, तंबाखूच्या वखारीमागं गोट्या खेळलं, सोळा वर्षांपूर्वी इटलीला गेलं. तिथं गाईंच्या मोठ्या गोठ्यात कामाला लागलं आणि दोन वर्षांपूर्वी तिकडचं नागरिक झालं. इथवर ठीक. आता त्याला बायकापोरांसकट कायमचं परत यायचं होतं, घरच्या रानात गाई पाळायच्या होत्या. आणि त्यासाठी म्हणे व्हिसा पाहिजे! स्वतःच्या घरात शिरायला व्हिसा! असला उफराटा कारभार रायगोंडानं अडुसष्ट वर्षांत बघितला नव्हता.

म्हणून तो सकाळची गाडी धरून बेळगावला आला होता आणि खासबागेत नागेंद्रच्या ऑफिसात बसला होता. नागेंद्र परदेशी येणाजाणाऱ्यांचे कागद करून द्यायचा. सन्मतीनंच इटलीतून फोन करून त्याला काम दिलं होतं. रायगोंडाच्या बंडीच्या आतल्या खिशात सन्मतीचा जुना, भारताचा पासपोर्ट होता. हे नागेंद्रला ठाऊक नव्हतं. सन्मतीला तर नव्हतंच नव्हतं.

"बघा आप्पा," नागेंद्र म्हणाला, "तुमचा मुलगा आता इटालियन. इटालियन माणसाला इथं यायचं तर वाटा ठरलेल्या." त्यानं टेबलावर स्टेपलर सरकवला. "हा टुरिस्ट व्हिसा. यायचं, हिंडायचं, मुदत संपली की परत. काम करायचं नाही."

"घरच्या गाईची धार काढली तर?"

नागेंद्रनं डोकं खाजवलं. "काढू दे की. पण धंदा म्हणून नाही." मग त्यानं स्टेपलरशेजारी पेला ठेवला. "हा नोकरीचा. इथल्या कंपनीनं बोलवायला पाहिजे, पगारही मोठा दाखवायला पाहिजे."

"मी बोलावतो की. बाप हाय त्याचा."

"बाप म्हणजे कंपनी नव्हे, आप्पा." शेवटी त्यानं चष्म्याचं घर ठेवलं. "आणि हे ओसीआय कार्ड, ओव्हरसीज सिटीझन ऑफ इंडिया. मूळच्या भारतीयाला मिळतं. एकदा मिळालं की जन्मभर या, राहा, काम करा. मतदान तेवढं नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं मिळाली तर मिळते."

"म्हंजे ते कार्ड घेतलं की तो परत भारताचा झाला?"

"नाही. इटलीचाच राहणार. कार्डाच्या नावात सिटीझन आहे, पण नागरिक नव्हे."

रायगोंडा स्टेपलरकडं बघायचा, पेल्याकडं बघायचा, चष्म्याच्या घराकडं बघायचा. डोक्याचा नुसता भुगा झाला. नागरिक हाय पण न्हाय, घर हाय पण पाहुणा हाय! ज्यानं हे काढलं त्याला एकदा निपाणीच्या स्टँडवर उभा करून विचारायला पाहिजे होतं.

"अडलंय एकाच ठिकाणी," नागेंद्र म्हणाला. "तुमच्या सुनेचं, रचनाचं, आणि नातवंडांचं काम झालं. सन्मतीचा जुना पासपोर्ट तेवढा जमा व्हायचाय. तिकडचं नागरिकत्व घेतलं की तो जमा करावा लागतो, त्याचा दाखला मिळतो. दाखला नाही तर कार्ड नाही. तो म्हणतो, मागच्या खेपेला घरीच राहिला. तुम्ही म्हणता, सापडत नाही."

"न्हाय सापडत," रायगोंडा म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप छातीवर गेला.

"छातीत दुखतंय का, आप्पा?"

"न्हाय, न्हाय. एक सांगा, समजा सापडलाच, आन् तोबी ठेवला, ह्योबी ठेवला, तर?"

"दोन्ही? छे! आपल्याकडं चालत नाही ते. गुन्हा आहे." नागेंद्र हसला नाही. "आणि आता तो तिकडं पोलिसात लिहून देणार आहे, पासपोर्ट हरवला म्हणून. देऊ दे. पण लिहून दिल्यावर घरातच सापडला तर मात्र पंचाईत. खोटं लिहून दिलं म्हणून फाइल कायमची बंद व्हायची."

रायगोंडा झटकन उठला. त्यानं नमस्कार केला आणि जिना उतरला.

गाडीत खिडकीपाशी बसल्यावर त्यानं हळूच पासपोर्ट बाहेर काढला, बघितला, परत आत घातला. काय चुकलं होतं त्याचं? त्याचं घर निपाणीत, रान कागलच्या बाजूला. घर कर्नाटकात, रान महाराष्ट्रात, मधी दोन कोसांचंबी अंतर न्हाय. लहानपणापासून तो ऐकत आला होता की निपाणी आज इकडं हाय, उद्या तिकडं जाईल. त्यामुळं पाटलांच्या घरात एकच शिस्त, कागद सोडायचा न्हाय. इकडचा असो, तिकडचा असो, ट्रंकेत ठेवायचा. धाकटा भाऊ नागोजी तेवढा भोळा निघाला. एका साहेबानं "हा जमा करा, दुसरा मिळेल" म्हटल्यावर त्यानं तिकडचं रेशनकार्ड देऊन टाकलं. दुसरं मिळेपर्यंत चार वर्षं गेली. चार वर्षं नागोजी इकडच्या कचेरीत गेला की म्हणत तिकडं जा, तिकडं गेला की म्हणत इकडं जा. आणि आता इथं तर दोन देश! उद्या इटलीवाल्यांनी पोराला हाकललं तर? कार्डात नागरिक नव्हे म्हणतात, मग हितनंबी हाकललं तर? पोरानं जायचं कुठं?

म्हणून तर दोन महिने तो फोनवर सांगत होता, शोधतोय रं, घावत न्हाय.

घरी त्रिशला, त्याची बायको, जेवणाची घाई करत होती. दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं हा तिचा नेम, आणि नवऱ्याची गाडी उशिरा आलेली. पहिला घास घेतोय तोवर फोनवर सन्मतीचा चेहरा उमटला. मागं इटलीतलं स्वयंपाकघर, भरलेली खोकी.

"आप्पा, घावला का?"

रायगोंडानं घास ताटात ठेवला.

"ऱ्हाऊ दे मग," सन्मती म्हणाला. "गोठ्यावर नोटीस दिलीया मी. पुढच्या महिन्यात घरबी सोडायचं हाय. उद्या सकाळी पोलिसात जाऊन हरवला म्हणून लिहून देतो. आई, तू रडू नगोस. पर एक विचारू आप्पा? खरं सांगा. तुम्हाला आमी यायला नको हाय का?"

"काय बोलतोस रं!"

"दोन महिनं झालं बघतोय. अख्ख्या घरात कसला कागद हरवला न्हाय कधी. माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक हाय ट्रंकेत. आन् पासपोर्टच कसा हरवतोय? मी रचनाला म्हटलं, आप्पांच्या मनात न्हाय. त्यांना सोळा वर्षांत एकटं ऱ्हायची सवय झालीया."

त्रिशलानं नवऱ्याकडं बघितलं. ट्रंकेची किल्ली कुणाच्या करगोट्याला असते हे तिला ठाऊक होतं. रायगोंडाचं तोंड कडू झालं. आपण पोरासाठी जीव टांगणीला लावतोय, आणि पोराला वाटतंय बापाला नको झालोय! त्यानं डावा हात बंडीत घातला आणि पासपोर्ट काढून फोनसमोर धरला.

पलीकडं सन्मती स्क्रीनजवळ सरकला.

"हाकलतील रं तुला," रायगोंडा म्हणाला. "तिकडच्यांनी हाकललं तर एक तरी देश असावा म्हणून ठेवला. नागोजीकाकाचं काय झालं म्हाईत हाय न्हवं? तू येऊ नये म्हणून न्हवं रं."

"आप्पा..." सन्मतीनं डोळे पुसले. "अवो, त्यो नागरिकत्व घेतलं तवाच संपलाय. नुसता कागद ऱ्हायलाय."

"संपलाय कसा? बघ." रायगोंडानं शेवटचं पान उघडलं, अंगठ्यानं दाबून धरलं. "हितं छापलंय. बापाचं नाव रायगोंडा. आईचं नाव त्रिशला. तुझ्या नव्या लाल पासपोर्टात आमी न्हाय. मागच्या खेपेला तू अंघोळीला गेलतास तवा सगळी पानं बघितली मी. कुठंच न्हाय."

हे मात्र त्रिशलालाही ठाऊक नव्हतं. ती हातातली भाकरी तशीच धरून उभी राहिली.

सन्मती उठला, खोक्यातून काहीतरी हुडकून आणलं आणि फोनसमोर धरलं. लाल पासपोर्ट. "आप्पा, हितं वाचा. जन्माचं गाव. काय लिवलंय?"

रायगोंडानं चष्मा पुसला. इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. "निपाणी."

"तिकडच्या सायबाला म्हणता येत नव्हतं ते गाव. धा वेळा लिवून दिलं मी. तुमचं नाव लिवायची पद्धत न्हाय त्यांच्यात. पर निपाणीत माझं तुम्हा दोघांशिवाय कोण हाय?"

रायगोंडानं चष्मा काढून ठेवला. त्याला सगळं समजलं असं नव्हतं. आपलं पोरगं आपल्याकडं यावं म्हणून आपणच त्याला परकं करून टाकायचं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात अजून बसत नव्हती. "उद्या पोलिसात जाऊ नगोस," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो परत खासबागेचा जिना चढला. पासपोर्ट टेबलावर ठेवला, स्टेपलरच्या शेजारी. नागेंद्रनं पासपोर्टकडं बघितलं, मग रायगोंडाच्या छातीकडं बघितलं. "दुखणं बरं झालं म्हणायचं," तो म्हणाला. "आजच पाठवायची सोय करतो. जमा झाला की रद्दचा शिक्का बसेल."

"त्याच्या आधी एक काम करा," रायगोंडा म्हणाला. "शेवटच्या पानाची झेरॉक्स काढा."

"फाइलला लागत नाही ती, आप्पा."

"फाइलला न्हाय. मला पायजे."

नागेंद्रनं झेरॉक्स मशीनचं झाकण उचललं, पान नीट लावलं. "एकच काढू?"

"दोन काढा," रायगोंडा म्हणाला. "एक निपाणीच्या घरात ठेवतो, एक कागलच्या रानात."