धुतलेला ओटा

ते गाणं कर्ण्यावर लागलं की रंभाबाईच्या कपाळाला आठी पडायची.

दांडी गावाहून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती रोज नव्या चाळींत यायची. वीज केंद्राच्या बांधकामावर सातारा-सांगलीकडून आलेली माणसं तिथं राहत होती. चाळीच्या मंडळाने मुंबईहून ती तबकडी आणली होती. गाण्यात जगात कोणी परकं नव्हतं, सगळ्यांचे अश्रू एकाच रंगाचे होते, आणि तिसऱ्या कडव्यात गाणाऱ्याला हुंदका फुटायचा, तोही दर वेळी त्याच जागी. रंभाबाईचा नवरा समुद्रात बुडून गेला होता. हुंदका असा ठरल्या वेळी येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

सव्वीस जानेवारीला मंडळाच्या शांतारामभाऊंनी तिला पाटीसकट व्यासपीठावर बोलावलं. माणूस मनाचा निर्मळ, त्यात खोट काढायला जागा नाही. त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला, भगिनी म्हटलं, मागे गाणं लावलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रंभाबाई मात्र पाटीतले बोंबील उन्हात मऊ पडतायत या काळजीत उभी होती.

आठ दिवसांनी तेच शांतारामभाऊ हात जोडून आले. तिच्याविषयी कुणाचं काही म्हणणं नाही, पण चाळीत वास राहतो, तेव्हा तिने फाटकाबाहेर बसावं, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

फाटकाबाहेर झाड नव्हतं. दहा वाजेपर्यंत मासळी उतरायची आणि तेवढ्या उन्हात गिऱ्हाईकही फिरकायचं नाही. चाळी सुटल्या तर बोईसरचा बाजार, आणि तिथवर पाटी वाहायला रंभाबाईचे गुडघे आता तयार नव्हते.

चौथ्या दिवशी शेवटच्या खोलीतली नर्मदा फाटकाशी आली. ती माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. मारुतीशी लग्न होऊन इथं आल्यावरही तिने मासळीला हात लावला नव्हता. माझ्या ओट्यावर सावली आहे, तिथं बसा, एवढंच ती म्हणाली. शेजारणींनी नाकं मुरडली, पण ओटा नर्मदाचा होता. रंभाबाई बसू लागली, आणि मासळी पुन्हा ताजी खपू लागली.

पाडव्याच्या आसपास एकदा ओट्यावर विळी विसरली म्हणून रंभाबाई अर्ध्या वाटेवरून परतली. नर्मदा नाकाला पदर बांधून, सोडा टाकून ओटा खसाखसा घासत होती. विळी न घेताच रंभाबाई मागे फिरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाबाहेर उन्हात बसली.

नर्मदा विळी घेऊन आली. "मावशी, हिकडं का बसला?"

"तुला वास येते ना गं बाय. मी पायलंय."

"येतो की," नर्मदा म्हणाली. "पोटात ढवळतं माझ्या. रोज धुते म्हणून तर रोज बसा म्हणते. ओटा धुता येतो, मावशी. उन्हात गेलेली मासळी धुऊन ताजी होत न्हाई. उठा."

इतक्या वर्षांत कुणी वास येत नाही असं सांगत रंभाबाईपासून तोंड फिरवलं होतं, कुणी वास येतो म्हणून हाकललं होतं. वास येतो आणि तरी बस, असं कुणी म्हटलं नव्हतं. हार घातला तेव्हा जे डोळे कोरडे राहिले होते, ते फाटकाशी वाहू लागले. ती उठली, आणि नर्मदाने पाटीला एका बाजूने हात दिला.

माळकरणीला कोळिणीने द्यावं तरी काय? रंभाबाईने बराच विचार केला. वैशाखात तिने दांडीच्या ताडाचे कोवळे ताडगोळे काढवून घेतले, सुनेच्या धुवट लुगड्याच्या फडक्यात बांधले आणि पाटीला लागू नयेत म्हणून सगळी वाट हातात धरून आणले.

नर्मदाने एक उचलून हुंगला. कर्ण्यावर तेव्हा नेमकं तिसरं कडवं चाललं होतं.

"थोडा वास येतोच, मावशी," ती म्हणाली.

मग तिने ताडगोळे धुतले, आणि रंभाबाईच्या शेजारी ओट्यावर बसून सगळे खाल्ले.